आधी आंघोळ, मग कंबर

ताडपत्रीची शेवटची गाठ मारून आरसा गाडीवरून खाली उतरला तेव्हा नुकतं कुठं उजाडलं होतं. उतरला म्हणजे काय, मागच्या फाळक्याला लोंबकळला, पायानं चाक चाचपलं आणि धपकन जमिनीवर आला. गुडघ्यातून कळ निघाली. कुणी बघितलं नाही ना, याची आधी खात्री केली आणि मगच त्यानं गुडघा चोळला.

गाडी मात्र अशी दिसत होती की दृष्ट काढावी. निळं बॉनेट, पांढरे काठ, चाकांच्या नटांवर केरोसीनचा बोळा फिरवलेला, आणि सगळ्या अंगावरून पाणी ठिबकत होतं. मागं सहा मीटर लांबीचे लोखंडी पाइप. लेकीनं काल संध्याकाळी ते भरून आणले होते, आपल्या हातानं बांधले होते आणि दमून तशीच झोपली होती. गाडी गोदामाच्या चिखलानं बरबटलेली. तशी गाडी दारात उभी आहे म्हटल्यावर आरशाला झोप कसली लागते!

आरसा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. चाळीस वर्षं त्यानं गाडी चालवली आणि ती अशी ठेवली, की लाइनीतले ड्रायव्हर तिच्या दारात बघून भांग पाडायचे. त्यावरून ते नाव पडलं आणि चिकटलं. पुढं डोळ्यांनी दगा दिला, परवाना गेला, गाडी लेकीच्या हातात आली. धुण्याचं काम तेवढं त्यानं कुणाला दिलं नाही.

लेक चहाचा पेला घेऊन बाहेर आली. केस बांधलेले, कमरेला किल्ली.

"बाबा, भरली गाडी धुतलीत? कितीला उठलात?"

"तू घोरत होतीस तेव्हा. अशी गाडी घेऊन गेली असतीस तर लोकांनी मला नावं ठेवली असती, तुला नाही."

"मी घोरत नाही."

"तुझ्या आईला विचार. भिंत हलते म्हणते."

लेक हसली. चहा पिताना त्यानं तिला काचेच्या तावदानांची गोष्ट सांगितली. बावीस तावदानं, मध्ये गाद्या घालून उभी लावलेली, आणि खड्ड्याखड्ड्यांतून नेऊन एकालाही तडा नाही. व्यापाऱ्याचं नाव, गाद्यांच्या खोळींचा रंग, वाटेत पाणी पाजणाऱ्या म्हातारीचं बोलणं, सगळं त्यानं नीट सांगितलं. लेक ऐकता ऐकता त्याच्या तोंडाकडं बघत राहिली होती.

"मधला दोर?" तिनं विचारलं.

पुढं एक आणि मागं एक असे दोन पिवळे पट्टे ती बांधायची, लोखंडी खटक्यानं आवळायचे. मध्ये मात्र बापाचा तागाचा जुना दोर लागायचाच. त्याशिवाय त्याच्या जिवाला चैन पडत नसे. त्यानं ताडपत्रीखाली हात घातला आणि दोराला टिचकी मारली. दोर टण्ण वाजला.

"ऐकलंस? तंबोरा आहे."

लेक आणखी एक क्षण त्याच्याकडं बघत होती. मग तिनं पेला त्याच्या हातात दिला, वर चढली आणि गाडी सुरू केली. सात वाजले होते. रोजच्यापेक्षा अर्धा तास उशीर, तोही या धुण्यापायी.

"फोन खिशात टाक," आरसा खालून ओरडला. "चालत्या गाडीत उचललास तर किल्ली काढून घेईन!"

"माहीत आहे, बाबा!"

गाडी वळणाआड जाईपर्यंत तो बघत उभा होता. उन्हाची पहिली तिरीप तिच्या मागच्या फाळक्यावर पडली आणि डोळे दिपले. त्याला फार बरं वाटलं.

गावाबाहेरच्या रस्त्यावर एक वजनकाटा होता. काटा बंद पडून कैक वर्षं झाली, पण त्याच्या खोलीचा ओटा शाबूत होता आणि सकाळी त्यावर सावली असायची. तिथं तीन म्हातारे बसायचे. आरसा, पाटा आणि हॉर्न. पाट्याची पाठ वाकली होती, वजनानं बसलेल्या गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यागत, आणि तो ती कधी सरळ करायच्या भानगडीत पडत नसे. हॉर्नला कमी ऐकू यायचं, त्यामुळं तो बोलायचा ते अर्ध्या गावाला ऐकू जायचं. तिघांनी मिळून रस्त्यावर शंभराच्या वर वर्षं घातली होती. आता रस्ता त्यांच्यासमोरून जायचा आणि ते त्याला नावं ठेवायचे.

साडेआठ झाले असतील. उन्हाळा तापायला लागला होता. सकाळपासूनच वारा कोरडा, झोंबणारा. पाट्यानं नळावर टॉवेल धुऊन ओट्याच्या कठड्यावर पसरला होता.

एक गाडी धुरळा उडवत गेली. काच मळलेली, ताडपत्री एका बाजूनं फडफडणारी.

"बघा," पाटा म्हणाला. "पायजम्याची नाडी सुटल्यासारखा चाललाय. माल बांधलाय की नुसता ठेवलाय?"

"आपल्या वेळी असा कुणी निघाला असता," हॉर्न गरजला, "तर नाक्यावरच्यांनी चहासुद्धा दिला नसता!"

"तुला नव्हतेच देत."

"ते उधारीमुळं!"

मग बोलणं रुळावर आलं, म्हणजे मागं गेलं. पाट्यानं विटा कशा रचायच्या ते सांगितलं. कडेच्या ओळी आत कलत्या ठेवायच्या, म्हणजे धक्का बसला की विटा एकमेकींना धरतात. हॉर्ननं तेलाच्या पिंपांचं काढलं. पिंपं उभी ठेवायची, खाली भाताचं तूस पसरायचं, दोर आडवा न घालता फुलीसारखा घालायचा. एकदा त्यानं आडवा घातला होता, आणि चार पिंपं बाजारात सुटून गडगडत थेट न्हाव्याच्या दुकानात शिरली होती.

"न्हावी?"

"गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं पळालं! अजून भेटला तर शिव्या देतो!"

तिघं पोट धरून हसले. हसता हसता पाट्याला ठसका लागला. मग धुण्याचा विषय निघाला, आणि तो निघाला की दोघं आरशाची फिरकी घ्यायचे, हे ठरलेलं.

"हा चपला काढून गाडीत चढायचा," पाटा म्हणाला. "मलासुद्धा काढायला लावल्या होत्या. आणि माझ्या पायांचा वास आल्यावर परत घालायला लावल्या."

"बायकोचा लग्नातला रुमाल काच पुसायला घेतला होता यानं!"

"मऊ होता," आरसा म्हणाला. "काचेला तसाच लागतो."

"आणि माल भरायला उभा राहिला की हमालांना थांबवायचा," पाटा आता आरशाची नक्कल करू लागला. छाती पुढं, बोट वर. "थांबा रे! गाडी ओली आहे. ओल्या दोरावर भरवसा नाही. ओला असताना ताठ उभा राहतो आणि वाळला की मान टाकतो. आधी आंघोळ..."

"...मग कंबर!" हॉर्ननं ओरडून पुरं केलं.

त्या रस्त्यावर सगळ्यांना हे ठाऊक होतं. आधी गाडीला आंघोळ घालायची, ती वाळू द्यायची, आणि मगच मालाची कंबर कसायची. शब्द आरशाचेच. नव्या ड्रायव्हरांना त्यानं हे शिकवलं होतं. लेकीला शिकवताना तर या दोन शब्दांशिवाय किल्ली हातात देत नसे.

दोघं हसत होते. आरसाही हसायला गेला, आणि त्याचं हसू तोंडातच राहिलं.

सकाळी आपण काय केलं? गाडी धुतली. कधी? दोर तर काल संध्याकाळपासून मालावर होता. नळी धरली होती ती त्याच मालावर. मग टिचकी मारली, टण्ण. टण्ण वाजणारच. भिजलेला दोर आवळतो, तो वाजणारच.

पाट्यानं कठड्यावरचा टॉवेल उचलला आणि झटकला. "काय वारा आहे! आत्ता टाकला, आत्ता वाळला. कडक झाला बघ पापडागत."



त्यानं सांगायला हवं होतं, तिथंच, त्याच मिनिटाला. पण सांगायचं कसं? आताच तर त्याचे शब्द त्याच्याच तोंडावर मारून दोघं हसले होते. ज्यानं नियम घातला तोच विसरला? त्याला गेल्या काही महिन्यांत अधूनमधून काही सापडत नसे, चष्मा, शब्द, कुणाचं तरी नाव. ते त्यानं कुणाला कळू दिलं नव्हतं, निदान त्याला तसं वाटत होतं.  

"उतारावर तर दोर तपासल्याशिवाय कुणी जायचंच नाही," पाटा बोलत होता. "आपला आपला लांब्या गेला नसता, तपासला असता तर."

"नको काढू ते," हॉर्न म्हणाला, आणि पहिल्यांदाच हळू बोलला.

पण निघालं होतं. सात वळणांचा तो उतार, त्यावर लांब्यानं ब्रेक दाबला, आणि मागचे पाइप पुढं सरकले. केबिनची पाठ फाडून एक पाइप सीटमधून आरपार गेला. मागच्या गाडीत आरसा होता. सगळं संपल्यावर लांब्याची गाडी पोलिसांनी सोडली तेव्हा ती आतून धुवायला कुणी तयार होईना. शेवटी आरशानं धुतली. चार बादल्या लागल्या होत्या. त्यानं त्यावर कधी चकार शब्द काढला नव्हता.

आज लेक त्याच उतारावर जाणार होती. मागं तेच पाइप.

"चष्मा विसरलो," आरसा म्हणाला आणि उठला.

"डोळ्यावर आहे तुझ्या!" हॉर्न मागून ओरडला. आरसा थांबला नाही.

घर पाच मिनिटांवर. त्याला वाटत होतं आपण धावतोय, पण एक कोंबडी त्याच्या पुढून निवांत गेली. वाटेत त्यानं दोनदा फोन लावला. घंटा वाजत राहिली. तिसऱ्यांदा लावला. चालत्या गाडीत लेक फोन उचलत नाही, आणि ती उचलत नाही याचा त्यानं चारचौघांत किती तोरा मिरवला होता!

मनाशी तो हिशेब मांडत होता. दोर सैल पडला तरी पुढचा पट्टा आहे, मागचा आहे. लेकीनं आपल्या हातानं आवळलेले. दोन पट्टे असल्यावर पाइप कुठं जातात? उगाच जिवाला घोर. घरी जाऊन पाणी प्यावं, हातपाय धुवावेत.

अंगणात शिरला आणि जागच्या जागी उभा राहिला.

कपडे वाळत घालायच्या तारेवर, बायकोच्या साडीच्या आणि त्याच्या बनियनच्या मध्ये, पिवळा पट्टा वाळत होता. स्वच्छ धुतलेला. चिखलाचा डाग नाही, खटका घासून चकचकीत केलेला.

बायको दारात धान्य निवडत बसली होती. "हा कुणाचा हो? मला वाटलं जास्तीचा आहे."

आरशानं पट्टा हातात घेतला. आता आठवलं. ताडपत्री वर केली, पुढचा पट्टा चिखलानं माखलेला दिसला, ते बघवेना. सोडला. म्हटलं, धुऊ आणि लगेच लावू. धुतला, तारेवर टाकला. मग बॉनेट राहिलं होतं, मग नट. नंतर ताडपत्री ओढून गाठी मारल्या. पट्टा परत लावल्याचं आठवतंय का? तो डोकं खाजवत आठवत राहिला, आणि पट्टा त्याच्या हातातच होता.

"अगं," तो म्हणाला, आणि पट्टा तिच्यापुढं धरला.

बायकोनं सूप खाली ठेवलं. ती ड्रायव्हरची बायको होती, पट्ट्याकडं बघितल्यावर तिला काही समजावून सांगायची गरज पडली नाही. तिच्या तोंडचं पाणी पळालं. पण ती ओरडली नाही. तिनं ओरडावं असं त्याला वाटत होतं.

"कितीला निघाली?"

"सातला."

"आता पावणेनऊ. उताराला पोचायला साडेनऊ होतात. जा ना, उभे काय राहिलात? हॉर्नभावजींकडं नंबरांची वही आहे. जा!"

पट्टा खांद्यावर टाकून आरसा परत निघाला. या वेळी खरंच धावला. गुडघा बोंबलत होता, त्याला बोंबलू दिलं.

ओट्यावर दोघांनी त्याला येताना बघितलं. पाट्याचं तोंड उघडलं ते काहीतरी चावट बोलायला, पण पट्टा दिसला आणि ते मिटलं.

"लेकीच्या गाडीचा पुढचा पट्टा आहे हा," आरसा म्हणाला. श्वास पुरत नव्हता. "मीच सोडला, धुवायला. लावायचा विसरलो. आणि दोर... दोरावर मी पाणी मारलंय. बांधल्यावर. भरल्या मालावर."

हॉर्ननं हात कानामागं नेला. "काय?"

आणि हे त्याला पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं. रस्त्यावरून जाणाऱ्या दोन बायका थांबून बघायला लागल्या. "भरल्यावर गाडी धुतली मी! पट्टा विसरलो! मी विसरलो!"

कुणी हसलं नाही. हॉर्ननं पिशवीतून वही काढली. तेलकट, कोपरे दुमडलेली, चाळीस वर्षांच्या रस्त्यावरची सगळी माणसं तिच्यात होती. नाक्यावरचा कारकून, पंपवाला, क्रेनवाला, पंक्चरवाला. पाटा आकडे वाचायचा, आरसा फोनवर दाबायचा. बोट दोनदा चुकलं.

नाक्यावरच्या कारकुनाच्या नंबरावर एका पोरीनं फोन उचलला. "आजोबा जाऊन दोन वर्षं झाली."

क्रेनवाल्याचा नंबर भलत्याच घरी लागला. तिथल्या माणसाला वाटलं हे काहीतरी विकायला फोन करताहेत, त्यानं शिवी दिली.

पंपवाला भेटला. पण तो आता मुलाकडं राहत होता, समुद्राकाठी, आणि त्याला आरशाशी गप्पा मारायच्या होत्या. "अरे आरसा! जिवंत आहेस का!"

"ठेव, ठेव फोन," आरसा रडकुंडीला आला.

"हा घे. उताराआधीचा पंक्चरवाला," पाटा म्हणाला. "तो नसेल तर त्याची सून असेल. दुकान तीच चालवते."

सुनेनंच उचलला. मागं हवा भरायच्या यंत्राचा खडखडाट. हॉर्नला ऐकू यावं म्हणून पाट्यानं फोनचा आवाज मोठा केला, आणि ते त्यानं करायला नको होतं.

"निळी गाडी, पांढरे काठ," आरसा घाईघाईनं सांगू लागला. "बाई चालवते. गाडी स्वच्छ आहे, एकदम..."

"तुमची लेक ना? ओळखते की! रस्त्यावर तेवढी एकच गाडी धुतलेली असते," सून म्हणाली. "दर खेपेला माझ्याकडंच थांबते. ताडपत्री काढते, दोर सोडते, वाळवते, परत बांधते. आम्ही म्हटलं ही काय रीत? तर म्हणते, बाबांचा दोर आहे, तो इथंच बांधायचा असतो."

 पाटा वहीत बघत होता. हॉर्न रस्त्याकडं. आरशाला वाटलं आपल्या अंगावरचे कपडे कुणीतरी काढून घेतले. दर खेपेला. म्हणजे आज पहिल्यांदा नव्हतं. किती महिने आपण ओला दोर आवळतोय आणि ती पोर काही न बोलता तो सोडून परत बांधतेय?

पण त्या लाजेखालून सुटकेचा श्वासही वर येत होता. थांबते ना ती! थांबते म्हणजे बघेल. पट्टा नाही हे तिला दिसेल.

"मग आज आली का? आहे का तिथं?"

"आज नाही थांबली. आत्ता पाच मिनिटांपूर्वी हात करून पुढं गेली. उशीर झाला असेल."

पाट्यानं वही मिटली.

"बाई," आरसा म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "तिचा पुढचा पट्टा माझ्या हातात आहे. मागं पाइप आहेत. उताराआधी तिला थांबवा. पाया पडतो तुमच्या."

तिकडं यंत्र बंद झालं. "अहो!" असं ती कुणालातरी ओरडली, "मोटरसायकल काढा, धावा, ती निळी गाडी अडवा!" आणि फोन तुटला.

मग वाट बघणं. आरशानं आयुष्यात फार वाटा बघितल्या होत्या, माल उतरायच्या, नाका उघडायच्या, पूर ओसरायच्या. अशी बघितली नव्हती. तो ओट्यावर पट्टा मांडीवर घेऊन बसला. वारा चालूच होता. पाट्याचा टॉवेल कठड्यावरून उडून खाली पडला, तो उचलायला कुणी उठलं नाही. त्याच्या डोळ्यांपुढं दोरातला एकेक पीळ सुटत होता, वाळत होता, लांबत होता. पाइपांना तेल लावलेलं असतं, ते एकमेकांवरून सरकायला वेळ घेत नाहीत. एक वळण घेतलं असेल तिनं. पुढं खड्डा आहे, तिथं ब्रेक लागतोच. हळू दाब गं बाय, हळू.

आणि मग चार बादल्या आठवल्या. पाणी चौथ्या बादलीला स्वच्छ आलं होतं.

"आधी काय?" तो स्वतःशीच पुटपुटला.

पाट्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. वाकड्या पाठीमुळं त्याला हात तिथवर न्यायला पुरतं उठावं लागलं.   रस्त्यावरून गाड्या जात होत्या, आज त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत.

बायको आली. डोक्यावरून पदर, पायात चपला नाहीत. तिनं तिघांची तोंडं बघितली आणि काही न विचारता ओट्याच्या टोकाला बसली.

नऊ वाजून बत्तीस मिनिटांनी फोन वाजला. आरशाला तो घेता येईना, हातातून निसटत होता. बायकोनं घेतला.

"सापडली," पंक्चरवाल्याचा मुलगा धापा टाकत होता. "पहिल्या वळणाच्या अलीकडं गाठली. गाडी कडेला आहे. मधला दोर नुसता लोंबत होता हो. पाइप वीतभर पुढं आलेत, केबिनच्या पाठीला टेकलेत. पत्रा चेपलाय. ती ठीक आहे. घ्या, बोला."

"बाबा?" लेकीचा आवाज. हसल्यासारखा करत होती, पण दात वाजत होते. "काही झालं नाही. चारच बोटं सरकलेत. यांच्याकडून साखळी घेतलीय, बांधतेय आता. तुम्ही घाबरू नका."

आरशाला बोलायचं होतं. तोंड उघडलं आणि त्यातून रडूच आलं, तेही मोठ्यानं, पोरासारखं. दोन म्हातारे आणि एक बायको बघत होते, त्यानं बघू दिलं.

लेक दिवस मावळताना परतली. रिकामी गाडी, वरपासून खालपर्यंत धुरळा. ती हातपाय धुऊन आत आली. बायकोनं ताट वाढलं. आरसा अंगणात जाऊन केबिनच्या मागचा पत्रा बघून आला होता. तळहाताएवढा खळगा, ड्रायव्हरच्या डोक्याच्या बरोबर मागं. त्यानं त्यात हात ठेवून बघितला होता. हात नेमका बसला.

"किती दिवस थांबतेस तिथं?" त्यानं विचारलं.

लेक जेवत राहिली. उत्तर बायकोनं दिलं. "पावसाळा संपल्यापासून."

"तुलाही माहीत होतं?"

"मीच सांगितलं तिला, तुम्हाला बोलू नको म्हणून. गाडी धुता, तेवढे दोन तास तुम्ही खुशीत असता."

 "आणि आज? आजच का नाही थांबलीस?"

लेकीचा घास हातातच राहिला.

"आज तुम्ही अगदी पहिल्यासारखे होतात," ती म्हणाली. "काचेची गोष्ट एकदाच सांगितलीत. सगळी, बरोबर. मला वाटलं, आज बाबा आहेत. दोर आधी सोडून, कोरडाच बांधला असणार." तिनं घास परत ताटात ठेवला. "फार बरं वाटलं होतं मला, बाबा. गाणं म्हणत गेले मी."

 

दुसऱ्या दिवशी आरसा उजाडताच उठला, सवयच ती. पण गाडीजवळ गेला नाही, उंबऱ्यावर बसून राहिला. गाडी रिकामी होती, मळलेली होती, समोर उभी होती. त्याच्या हातांना काही सुचत नव्हतं. इथून पुढं आपल्या हातांचं काय करायचं, हा विचार त्याला उतारापेक्षा भयंकर वाटत होता.

लेक नळावर गेली. बादली भरली, फडकं त्यात टाकलं आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"चला. दहाला माल भरायचाय, त्याआधी वाळायला हवी."

तो उठला. बादली घ्यायला हात पुढं केला, कडी धरली. ती गाडी शिकत होती तेव्हा त्यानं किल्ली अशीच धरून ठेवली होती, रोज, दोन शब्द ऐकेपर्यंत.

"आधी काय?" लेकीनं हसत विचारलं.

"आंघोळ."

"मग?"

तो थांबला. वारा सुटायला लागला होता. तारेवर परत टाकलेला पिवळा पट्टा हलत होता.

"कंबर," तो म्हणाला.

"शाब्बास, उस्ताद," ती म्हणाली, आणि बादली सोडली. पुढच्या चाकापाशी जाऊन आरशानं फडकं पिळलं. पोरीनं हसत विचारलं होतं खरं. पण उत्तर येईपर्यंत तिनं कडी सोडली नव्हती, आणि बोटं पांढरी पडेपर्यंत आवळून धरली होती, ते त्यानं बघितलं होतं.